शुक्रवारचं विमान

९ फेब्रुवारी, सोमवार

मुंगळे,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. एका बाजूला बर्फाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सात शब्द. ‘यायचं असेल तर एप्रिलमध्ये ये. सुट्टी आहे.’ वर ‘ताई’ नाही, खाली सही नाही. बारा वर्षांत मी तुला नऊ पत्रं पाठवली, त्या सगळ्यांना मिळून हे एक उत्तर. म्हणजे पत्रामागे एक शब्दसुद्धा पुरता पडत नाही. पण मी तक्रार करत नाहीये हं. ते कार्ड हातात घेऊन मी घरभर येरझाऱ्या घातल्या, मग ते कुठे ठेवलं तेच विसरले आणि अर्धा तास शोधत बसले. फ्रिजमध्ये सापडलं, लोण्याच्या डब्याशेजारी.

मी येतेय. हे आधी लिहून टाकते, नाहीतर उद्या सकाळी मला दहा अडचणी सुचतील.

डेपोत रजेचा अर्ज दिला तर साहेब अर्जाकडे बघत राहिले. वेळापत्रक विभागात मला तीस वर्षं झाली आणि सलग तीन दिवसांच्यावर रजा मी एकदाच घेतली होती. ती कधी, ते तुला माहीत आहे. साहेब म्हणाले, “तीन आठवडे? मग उन्हाळ्याच्या गाड्या कोण लावणार?” मी म्हटलं, “ज्यांना तुम्ही माझ्यापेक्षा हुशार म्हणता ते लावतील.” भोंगा शेजारीच उभा होता. आठवतो ना तुला भोंगा? अकरा नंबरच्या बसचा चालक, ज्याला कुजबुजता येत नाही. तो सगळ्या डेपोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाई चालल्या विमानाने!” संध्याकाळपर्यंत वॉशिंगवाल्यापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला विचारून झालं की कुठे, कशाला, कुणाकडे. मी सांगितलं, मध्य आशियात, बहिणीकडे. बहिणीकडे म्हणताना जीभ अडखळली, खरं सांगते.

जुनं काही उकरून काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. तूही काढू नकोस.

तुझी ताई


२१ फेब्रुवारी, शनिवार

मुंगळे,

पायाला भिंगरी लागल्यासारखं झालंय मला. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की काय करायला उठले ते आठवत नाही. काल दोनदा दूध उतू गेलं. शेजारीण भिंतीपलीकडून विचारते, “ताई, काही जळतंय का?” मी म्हणते, “नाही हो, ठीक आहे.” आणि भांडं घासत बसते.

तिकिटाच्या ऑफिसात मी आता इतक्या वेळा गेलेय की तिथली मुलगी मला बघितल्याबरोबर खुर्ची पुढे सरकवते. ती च्युइंगगम चघळत चघळत काम करते, पण हुशार आहे. तुझ्या शहराला पोचायचे तीन रस्ते निघाले. पहिल्या रस्त्यात मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं, आणि त्यासाठी एक तास पस्तीस मिनिटं. दुसऱ्यात बदलायला चौदा तास. तिसरं थेट विमान, पण आठवड्यातून दोनदाच, सोमवारी आणि शुक्रवारी.

मी घरी येऊन चौकटीच्या कागदावर तिन्ही काढले. आडव्या रेघेवर वेळ, उभ्या रेघेवर गावं, तिरक्या रेघा विमानांच्या. डेपोत आम्ही बसगाड्यांचे काढतो तसेच. एक तास पस्तीस मिनिटांत पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं तर काय, चाळीस मिनिटं आलं तर काय, सामानाला किती, रांगेला किती. आमच्याकडे प्रत्येक फेरीनंतर गाडीला थोडा मोकळा वेळ ठेवतात, मागचा उशीर पुढच्या फेरीला चिकटू नये म्हणून. इथे मला तो कुठे दिसेना. मी तो कागद तिला नेऊन दाखवला. ती म्हणाली, “काकू, एवढं तर आमचे पायलटपण करत नसतील.”

मग व्हिसाचा अर्ज. त्यात एक चौकट आहे, ‘भेटीचं कारण’. पर्यटन, व्यवसाय, उपचार, नातेवाईक, इतर. मी ‘नातेवाईक’वर खूण केली. मग वाटलं, ते तुझ्याकडून कागद मागतील, तुला त्रास होईल, म्हणून खोडून ‘पर्यटन’वर केली. मग मलाच माझा राग आला. बहिणीकडे जाताना पर्यटन काय? पुन्हा खोडलं. मुलीने दुसरा अर्ज दिला, तोही मी घालवला. तिसऱ्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “काकू, पेन माझ्याकडे द्या.” ‘नातेवाईक’वर खूण तिने केली आहे.

जुनं उकरायचं नाही असं मी लिहिलं होतं, पण अर्धवट सोडलं तर तू काहीतरी भलतंच समजशील म्हणून एवढंच लिहिते. आईच्या वेळी माझा अंदाज चुकला. माणसाचा चुकतो. मला वाटलं होतं तुझी परीक्षा होईपर्यंत वेळ आहे. आई गेल्यावर पाचव्या दिवशी तू दारात बॅग घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “माझं वेळापत्रक ठरवणारी तू कोण?” मी मान खाली घातली. अंदाज चुकला, बस.

तुझी ताई


१० मार्च, मंगळवार

मुंगळे,

तिकीट झालं! थेट विमानाचं. १७ एप्रिल, शुक्रवार, सुटायची वेळ रात्री बारा पन्नास. साडेचार तासांत तुझ्या शहरात. कागद मी पारदर्शक पिशवीत घालून कपाटाच्या आतल्या दारावर चिकटवला आहे आणि कपाट उघडायला रोज काहीतरी निमित्त काढते.

तिकीटवाली मुलगी म्हणाली, “काकू, तारीख नीट बघा हं, रात्रीच्या विमानाला पुष्कळ लोक घोळ घालतात.” मला हसू आलं. मी म्हटलं, “बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी रात्रीच्या गाड्या लावतेय.” ती म्हणाली, “सॉरी काकू.” तिला उगाच दुखावलं असं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला पेनाचा एक डबा नेऊन दिला.

तुझ्या शहराच्या बसचं वेळापत्रक मी शोधून काढलं. भाषा वाचता येत नाही, पण आकडे तर सगळीकडे सारखेच. विमानतळावरून तुझ्या हॉस्पिटलकडे येणाऱ्या दोन बस आहेत आणि दोन्ही चौकातल्या थांब्यावर एकाच मिनिटाला पोचतात. एक गच्च भरत असणार आणि दुसरी तिच्या मागून रिकामी चालत असणार. ज्याने कुणी हे लावलंय त्याला माझ्यासमोर आणून बसव, मी दहा मिनिटांत सरळ करते. तुझ्या खिडकीतून तो चौक दिसतो का? तू लहान मुलांची डॉक्टर झालीस हे मावशीकडून कळलं. तुला मुलगी आहे, सहा वर्षांची, हेही तिच्याकडूनच. तिला माझ्याबद्दल काय सांगितलं आहेस? काहीच सांगितलं नसशील तर बरं, मी पहिल्यापासून सुरुवात करीन.

मागच्या पत्रात मी अंदाज माझा म्हणून लिहिलं. तसं म्हटलं तर तो माझा नव्हता. डॉक्टरच म्हणाले होते की वेळ आहे. मी ते तुला सांगितलं. मी काय डॉक्टर आहे? बसडेपोतली बाई मी. मला जे सांगितलं ते मी पुढे सांगितलं.

हे लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि परत येऊन वाचलं. असू दे तसंच.

तुझी ताई


३ एप्रिल, शुक्रवार

मुंगळे,

दुसरं कार्ड! ‘घ्यायला येते.’ दोनच शब्द, पण हे कार्ड मी फ्रिजमध्ये ठेवलं नाही, पर्समध्ये ठेवलं. तिकिटाची तारीख तुला पोचली म्हणायची. जिवात जीव आला. आतापर्यंत मला आतून सारखं वाटत होतं की मी तिथे उतरेन आणि तू येणार नाहीस. मी रस्ता काढला असता म्हणा, बसचे नंबर पाठ आहेत. पण तू दिसणार नाहीस असं मनात आलं की उठून भरलेली बॅग पुन्हा उघडायचे.

तयारी चालू आहे. शेजारणीने तिचा जाड कोट दिलाय. माझ्या गुडघ्याखाली येतो आणि बाह्यांत हात दिसत नाहीत. आरशात बघितलं तर मी म्हणजे गोदामात झाकून ठेवलेलं मशीन. एप्रिलमध्ये तिकडे एवढी थंडी नसते असं सगळे सांगतात, पण तुझ्या कार्डावर बर्फ होता. मी बर्फावर विश्वास ठेवते.

भोंगा मला विमानतळावर सोडणार आहे. त्याने जावयाची गाडी मागून घेतली. त्याचा हट्टच आहे. म्हणाला, “बाई, तुम्ही मला पंचवीस वर्षं सांगितलं कधी निघायचं. एकदा मी तुम्हाला नेतो.” मी म्हटलं, “मला नऊला घ्यायला ये.” तर लगेच, “बघा, पुन्हा तुम्हीच सांगितलं!”

तुझ्या मुलीसाठी काय आणू ते सुचत नाही. सहा वर्षांची तू कशी होतीस तेवढंच मला माहीत आहे. बाबा गेले त्या वर्षी मी वीसची होते, डेपोत लागले, आणि तू सहाची. सकाळी मी निघाले की तू दाराशी येऊन माझ्या ओढणीला लोंबकळायचीस आणि सोडवलं की चावायचीस. मुंगळी नाव तेव्हाच पडलं. आई हसायची. तुझं काहीही झालं की आई हसायची. मी पगाराचा पहिला महिना पुरा करून घरी आले तेव्हा ती तुझे केस विंचरत होती. मान वर करून म्हणाली, “आलीस? पोळ्या टाक.” तसं तिचं काही चुकलं नाही. भूक लागली होती सगळ्यांना.

डॉक्टर नक्की काय म्हणाले होते ते मला

इथे दोन ओळी खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, मी तुला ओळखते. समोर बसल्यावर बोलू.

तुझी ताई


१७ एप्रिल, शुक्रवार, सकाळी सात

मुंगळे,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हातानेच देईन. आज रात्रीच निघायचं आहे आणि मला एका जागी बसवत नाही म्हणून लिहितेय.

बॅग चार वेळा भरून झाली. काल संध्याकाळी फोन दुकानात दिला, परदेशात चालावा म्हणून त्यात काहीतरी बदलायचं होतं. तो आज संध्याकाळी मिळेल. फोन नसला की घर किती मोकळं वाटतं, आणि दर पाच मिनिटांनी हात किती रिकामा वाटतो. गॅस बंद केला. मग चहा प्यायचा राहिला म्हणून परत चालू केला.

आत्ता तू उठली असशील. दवाखान्यात जायची गडबड चालली असेल, किंवा आज रजा टाकली असशील. तुझ्या मुलीची वेणी घालत असशील. तुझं घर मी मनात इतक्या वेळा उभं केलंय की ते खरं तसं नसलं तर मला चुकल्यासारखं वाटेल.

मला तुला एक सांगायचं आहे आणि ते मी रात्री विमानात बसून पाठ करणार आहे. कागदावर उतरत नाही. चार पत्रांत उतरलं नाही. तुझ्या स्वयंपाकघरात आपण दोघीच असलो आणि तू भांडी विसळत असलीस, म्हणजे तोंड दुसरीकडे असलं, तर जमेल असं वाटतं.

उद्या या वेळेला मी तुझ्याकडे असेन.

ताई


१९ एप्रिल, रविवार

मुंगळे,

दुकानातून आणलेला फोन मी काल सकाळी चालू केला, तेव्हा तुझ्या नवऱ्याच्या नंबरावरून आलेला निरोप वाचला. ‘तीन तास उभी होते. आता पुन्हा लिहू नकोस.’ तरीही लिहितेय. हे शेवटचं. शुक्रवारी सकाळी लिहिलेलं पत्र याच पाकिटात घातलं आहे, ते आधी वाच. मी मुद्दाम आले नाही असं तुला वाटत असणार. तसं नव्हतं याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

झालं ते असं. डेपोचा दिवस रात्री बाराला संपत नाही. पहाटे चारला पहिली गाडी सुटते तिथे तो सुरू होतो आणि शेवटची गाडी आत आली की संपतो, मग रात्रीचे दोन वाजोत की अडीच. बारा पन्नासला सुटणारी शुक्रवारची गाडी म्हणजे शुक्रवारची रात्र सरत असताना सुटणारी. बाहेरच्या घड्याळात तेव्हा शनिवार लागलेला असतो, पण चालकाच्या कागदावर, वाहकाच्या कागदावर, माझ्या कागदावर ती शुक्रवारचीच. तीस वर्षं मी दिवस असाच मोजला. तिकिटावर शुक्रवार, बारा पन्नास बघितलं आणि मला शंकासुद्धा आली नाही. विमान गुरुवारी रात्री मी जेवून झोपले तेव्हा गेलं.

शुक्रवारी रात्री साडेनऊला मी तो कोट घालून विमानतळावरच्या खिडकीपाशी उभी राहिले. तिथल्या मुलीने तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “मॅडम, हे काल रात्री गेलं.” मी म्हटलं, “काल गुरुवार होता.” ती म्हणाली, “हो, रात्री बारानंतर शुक्रवार लागला ना.” मी तिला डेपोचा दिवस समजावून सांगितला. मुंगळे, मी तिला कागदावर काढून दाखवला! मागे रांग खोळंबलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमचं बरोबर असेल मॅडम, पण विमान गेलं.” तेव्हा मला कळलं की तू पहाटेपासून तिथे उभी राहून गेली असशील, आणि मी त्या वेळी इथे गॅस चालू-बंद करत होते.

भोंगा बाहेर थांबला होता. विमान उडाल्याशिवाय जाणार नाही म्हणाला होता. मला परत येताना बघून त्याने बॅग घेतली आणि गाडी घराकडे वळवली. दाराशी उतरवताना एवढंच म्हणाला, “बाई, गाडी चुकते माणसाची.” तेही हळू आवाजात. मला तिथेच रडू फुटलं.

ही चूक होती. तुला पटो न पटो, ही खरीखुरी चूक होती. पण काल दिवसभर मी तुला हे पटवणारं पत्र मनात जुळवत होते, आणि दरवेळी एकाच जागी घोडं अडत होतं. ‘माझा अंदाज चुकला’ हे वाक्य मी तुला एकदा लिहून बसलेय. तेच शब्द दुसऱ्यांदा लिहिले तर तू का विश्वास ठेवावास? तेव्हाचं खोटं होतं, मुंगळे. त्यामुळे आताचं खरंही तुला खोटंच वाटणार.

आईच्या वेळी माझा अंदाज चुकला नव्हता. डॉक्टर वेळ आहे असं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, पंधरा दिवस, फार तर वीस, बाहेर कुणी असेल तर बोलावून घ्या. मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले आणि मनात तारखा मांडल्या. तुझी परीक्षा एकोणीस दिवसांनी संपत होती. तुला फोनवर सांगितलं, घाबरू नकोस, वेळ आहे, परीक्षा देऊन ये. तू रिपोर्ट मागितलेस. अकरा पानं होती. त्यातलं मी सगळ्यात साधं दिसणारं एक पान निवडलं, ज्यावर तांबडी खूण नव्हती, आणि त्याचाच फोटो पाठवला. बाकीची दहा अजून माझ्याकडे आहेत.

का, ते लिहिते. तुझ्या परीक्षेसाठी नाही. सगळ्यांना मी तसंच सांगितलं, मावशीलासुद्धा. तू आली असतीस तर आईने माझ्याकडे बघितलं नसतं. तू खोलीत आलीस की ती तुझ्याकडेच बघायची, हे तुला कधी कळलंच नाही, कारण ज्याच्याकडे बघतात त्याला ते कळत नाही. तू जन्मल्यापासून मी तिला कधी एकटी मिळाले नव्हते. मला ते दिवस हवे होते. सोळा निघाले. सोळा दिवस मी एकुलती एक मुलगी होते. मी तिला भरवलं, तिचे केस विंचरले, ती माझ्याशी बोलली. इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “मुंगळी कधी येते?” मी म्हटलं, “परीक्षा आहे तिची.” त्यानंतर तिने काय काय विचारलं ते मी इथे लिहीत नाही. तेवढं धैर्य नाही माझ्यात.

मी ते सोळा दिवस तुझ्याकडून चोरले. मला त्याचा पश्चात्ताप होतो हे खरं आहे, आणि ते दिवस मला मिळाले याचं सुख होतं हेही खरं आहे. दोन्ही लिहिते, म्हणजे पुन्हा काही खोडायला नको.

तिकीटवाली म्हणते, मे अखेरपर्यंत तेच तिकीट बदलून मिळेल. मी बदललेलं नाही. तू ये म्हणालीस तरच बदलीन. नाही म्हणालीस, किंवा काहीच म्हणाली नाहीस, तर मी समजून जाईन. या वेळी वेळ तू ठरव.

ताई


८ मे, शुक्रवार

ताई,

तुझं पाकीट परवा मिळालं. दोन दिवस मी ते हातात घेऊन घरभर फिरले. मुलगी विचारायला लागली की तुझ्या पोटात दुखतंय का.

आधी विमानाचं. शुक्रवारी सकाळी मी पाच वाजल्यापासून आठपर्यंत तिथे उभी होते. शेवटचा माणूस बाहेर आला, दरवाजा बंद झाला, सफाईवाल्या आल्या, तरी मी उभीच. मला वाटलं, हिने सूड घेतला. घरी येऊन तुझ्या सगळ्या पत्रांचा गठ्ठा फेकायला काढला. नवऱ्याने तो लपवून ठेवला. तुझं सकाळी सातचं पत्र वाचलं तेव्हा मला कळलं की तू माझ्या मुलीची वेणी घालत होतीस मनातल्या मनात, आणि मी त्याच वेळी तुला शिव्या घालत होते. डेपोच्या दिवसाची गोष्ट नवऱ्याला सांगितली. तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला की हे असलं कुणाला खोटं सुचणार नाही. मलाही पटलं.

आता दुसरं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्यालासुद्धा नाही.

तू पाठवलेलं पान मला मिळालं होतं. त्यावर तांबडी खूण नव्हती, कारण त्यावर नेहमीचे आकडेच नव्हते. निदानाच्या तीन ओळी होत्या. ताई, मी शेवटच्या वर्षाला होते. मला वाचता येत होतं. अकरा पानांतलं तू नेमकं ते पान निवडलंस ज्याच्यावर सगळं लिहिलेलं होतं. मी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उभी होते. मैत्रिणीने चहाचा कप पुढे केला, तो तसाच ठेवून मी ते पान पुन्हा वाचलं. दोन आठवडे, हे मला तुझ्या डॉक्टरांइतकंच स्पष्ट दिसलं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा होती. मी ती राखूनसुद्धा ठेवली होती. मग तुला फोन केला आणि विचारलं, “ताई, येऊ का?” आठवतं? मी तुला विचारलं, कारण मला तू नाही म्हणायला हवी होतीस. तू म्हणालीस, वेळ आहे, परीक्षा देऊन ये. मी फोन ठेवला आणि जागा सोडून दिली.

मला भीती वाटत होती. वॉर्डात दुसऱ्यांच्या आया मरताना मी बघत होते, रोज. आपली बघवणार नाही असं वाटलं. बाकी काही कारण नाही. त्या परीक्षेत मी पहिली आले.

दारात मी तुझ्यावर ओरडले तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं की आता तू म्हणशील, पान पाठवलं होतं की, वाचता येत नव्हतं का तुला? तू म्हणाली नाहीस. खाली मान घालून उभी राहिलीस. मग मला धीर आला आणि मी आणखी ओरडले. पुढची बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की ताईने मला येऊ दिलं नाही. इतक्यांदा सांगितलं की माझं मलाच खरं वाटायला लागलं. तुझं पत्र आलं की न उघडता ठेवायचे, कारण कुठल्यातरी पत्रात तू ते विचारशील. फेब्रुवारीत ते कार्ड का पाठवलं ते विचारू नकोस. मुलीने विचारलं होतं की तुझी आई कशी होती, आणि मला शेवटचं काहीच सांगता येईना.

तिकीट बदल. २५ मे, सोमवारचं विमान घे. म्हणजे रविवारी घरातून निघायचं. रविवारी, ताई, २४ तारखेला. भोंग्याला फोन दे, त्याला मी स्वतः सांगते. कोट आणू नकोस, इथे उकडतंय.

आणि मला ते सोळा दिवस सांग. पहिल्या दिवसापासून, क्रमाने. ती काय खायची, काय बोलायची, कोणत्या कुशीला झोपायची. मुंगळी कधी येते असं तिने किती वेळा विचारलं, तेही सांग. मी रडले तरी थांबू नकोस.

मुंगळी